मरणानंतर पश्चात्ताप करता येतो का? ख्रिस्ती शिकवण नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी वाटाड्या

ख्रिस्ती श्रद्धेकडे नव्याने वळलेला माणूस त्रैक्य (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) किंवा चमत्कार यांवर फारसा अडत नाही. तो अडतो घरातल्या माणसांवर. वडील गेले, ते येशूला मानत नव्हते, आता त्यांचं काय? भाऊ भांडून गेला आणि आठवड्यात अपघातात वारला, त्याला माफी मिळाली असेल का? मेल्यावर देव समोर दिसला की कोणीही म्हणेल ना, ‘चुकलो’?

मी अहिल्यानगरकडच्या प्रोटेस्टंट घरात वाढले आणि लग्नानंतर वसईच्या कॅथलिक घरात आले. या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं मी दोन्ही घरांच्या ओसरीवर ऐकली आहेत. नवख्या लोकांबरोबर बायबल वाचताना हा विषय निघतोच, आणि घाईने दिलेलं उत्तर माणसाला जखमी करतं. म्हणून ज्या क्रमाने हा विषय हाताळला की डोकं शांत राहतं, तो क्रम इथे देते आहे.

पायरी १: एका प्रश्नाचे दोन प्रश्न करा

ही पायरी गाळली की पुढचं सगळं गुंतत जातं.

पहिला प्रश्न असा: आयुष्यभर देवाकडे पाठ फिरवून, तसाच मेलेला माणूस मेल्यावर मन पालटू शकतो का? दुसरा प्रश्न: देवाकडे वळलेला, पण राग, लोभ, जुने हिशेब मनात घेऊनच गेलेला माणूस मेल्यावर शुद्ध होतो का, आणि कसा?

पहिल्याला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांच्याही अधिकृत शिकवणीचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, कारण कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात म्हणजे ते मेल्यावर दुसरी संधी मानतात, असा समज सर्रास आहे. तसं नाही. दोघांमधला वाद दुसऱ्या प्रश्नावर आहे.

कॅथलिक शिकवणीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे शुद्धिस्थान, बोलण्यातली पर्गेटरी. लग्नाचं आमंत्रण मिळालेला, दारापर्यंत पोचलेला पाहुणा धुळीचे पाय धुऊन आत येतो, तसं ते आहे. त्याला आत घ्यायचं की नाही हे ठरून गेलेलं असतं. ज्याने आमंत्रणच फाडून टाकलं, त्याच्यासाठी ती मोरी नव्हे. प्रोटेस्टंट म्हणतात, पाय धुण्याचं कामही ख्रिस्ताने क्रुसावर पुरं केलं. विश्वास ठेवणारा थेट आत जातो.

पायरी २: हातातली बायबलची प्रत तपासा

अनुक्रमणिका उघडा. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. जास्तीची ७ जुन्या करारात आहेत आणि त्यांतलं मक्काबीचं दुसरं पुस्तक या विषयाला थेट लागू पडतं. तुमच्या प्रतीत ते नसेल, तर समोरचा कॅथलिक स्नेही कशाबद्दल बोलतोय हेच कळणार नाही. पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या कॅथलिक चर्चच्या, ग्रंथालयात किंवा कॅथलिक पुस्तकांच्या दुकानात ७३ पुस्तकांची प्रत मागा.

पायरी ३: हे उतारे याच क्रमाने वाचा

सुरुवात लूक १६:१९-३१ पासून करा आणि सावकाश वाचा. श्रीमंत माणूस रोज मेजवान्या झोडतोय, त्याच्या दाराशी अंगभर फोड आलेला लाजर पडलाय. दोघेही मरतात. श्रीमंत अधोलोकात यातना भोगतोय आणि दूर अब्राहामाजवळ लाजर दिसतोय. मध्ये मोठी दरी आहे, इकडून तिकडे कोणाला जाता येत नाही.

बहुतेक जण दरीपाशी थांबतात. मी म्हणेन, त्या श्रीमंताची वाक्यं पुन्हा वाचा. तो पाणी मागतो. तेही लाजराला पाठवा म्हणतो. मेल्यावरही लाजर त्याला हरकाम्याच वाटतोय. मग आपल्या ५ भावांना सावध करायला लाजरालाच पाठवा म्हणतो. ‘लाजरा, मी तुला दारात उपाशी ठेवलं, मला क्षमा कर’ हे एक वाक्य मात्र त्याच्या तोंडून येत नाही. अब्राहाम त्याला ‘मुला’ म्हणून हाक मारतो, झिडकारत नाही. म्हणजे या दाखल्यात दार बंद असण्याबरोबरच आणखी एक गोष्ट दिसते: माणसाला त्रास होतोय, पण मन पालटलेलं नाही. यातना आणि पश्चात्ताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘देव दिसला की कोणीही चुकलो म्हणेल’ या समजुतीला यापेक्षा थेट उत्तर मला बायबलात सापडलेलं नाही.

आठव्या शतकातले संत योहान दमास्कीन यांनी हेच सूत्ररूपात मांडलं: पतनानंतर देवदूतांना पश्चात्ताप नाही, तसा मृत्यूनंतर माणसांना नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने परिच्छेद ३९३ मध्ये त्यांचा हा विचार घेतला आहे. तिथलं कारण नीट पाहा. देवाची दया कमी पडते म्हणून नव्हे, तर निवड कायमची झालेली असते म्हणून पतन पावलेल्या देवदूतांच्या पापाला क्षमा नाही, असं तो परिच्छेद सांगतो.

आता लूक २३:३९-४३. येशूच्या दोन बाजूंना दोन गुन्हेगार क्रुसावर आहेत. एकाने शेवटच्या काही तासांत तोंड उघडलं, आपली शिक्षा रास्त आहे असं म्हटलं आणि येशूला आठवण ठेवायची विनंती केली. त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही, चूक सुधारायला वेळ नाही. मरणाच्या अलीकडचं दार किती उघडं आहे ते हा उतारा दाखवतो.

इब्री लोकांस पत्र ९:२७ एका ओळीत संपतं: माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. जन्मांची साखळी मानणाऱ्या घरातून तुम्ही आला असाल, तर हीच ओळ तुम्हाला सर्वांत परकी वाटेल. पुढच्या जन्मी फेडू, ही सोय इथे नाही. त्यामुळेच हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला इतका टोचतो.

मग पेत्राचं पहिलं पत्र, ३:१८-२० आणि ४:६. ख्रिस्ताने तुरुंगातल्या आत्म्यांना, नोहाच्या काळातल्या अवज्ञा करणाऱ्यांना जाऊन घोषणा केली. मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली. या ओळींवर पहिल्या शतकांपासून वाद आहे. कोणी म्हणतं, ही विजयाची घोषणा होती. कोणी म्हणतं, जुन्या काळच्या नीतिमानांची सुटका होती. कोणी म्हणतं, मेल्यावरही संधी असल्याची ही खूण आहे. प्रेषितांच्या मतांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, ख्रिस्त ‘अधोलोकात उतरला’ असं आपण म्हणतो, ते वाचताना हा उतारा मनात ठेवा. एकट्या या उताऱ्यावर मात्र पूर्ण सिद्धांत उभा करू नका.

मक्काबीचं दुसरं पुस्तक, १२:३८-४६. लढाईत पडलेल्या सैनिकांची प्रेतं उचलताना त्यांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात, जे यहुदी नियमशास्त्राला वर्ज्य होते. सेनापती यहूदा सैनिकांकडून वर्गणी काढतो आणि मेलेल्यांच्या पापासाठी अर्पण करायला ती यरुशलेमला पाठवतो. ग्रंथ त्याची स्तुती करतो, कारण पुनरुत्थानाची आशा नसती तर मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्यात काही अर्थच नव्हता. कॅथलिकांच्या मृतांसाठीच्या प्रार्थनेचा मोठा आधार हा आहे.

करिंथकरांस पहिलं पत्र ३:११-१५ आणि मत्तय १२:३२ हे दोन छोटे उतारे शेवटी वाचा. पहिल्यात प्रत्येकाचं काम अग्नीने पारखलं जातं आणि काही जण जणू अग्नीतून वाचतात. दुसऱ्यात पवित्र आत्म्याच्या निंदेची क्षमा या युगात नाही आणि येणाऱ्या युगातही नाही असं येशू म्हणतो. ‘मग बाकी काही पापांची क्षमा येणाऱ्या युगात होत असणार’ असा अर्थ कॅथलिक परंपरेत काढला गेला. प्रोटेस्टंट म्हणतात, हा फक्त ‘कधीच नाही’ असं ठासून सांगण्याचा प्रकार आहे.

पायरी ४: कोणती मंडळी काय म्हणते ते एकदा नीट ऐका

कॅथलिकांची मृतांसाठीची प्रार्थना फार जुनी आहे. कार्थेज इथे सन २०३ मध्ये हुतात्मा झालेली पर्पेतुआ तुरुंगात असताना आपल्या लहानपणीच वारलेल्या भावासाठी, दिनोक्रातेससाठी, प्रार्थना करत होती. आधी तो तिला तहानलेला दिसला, नंतर मनसोक्त पाणी पिताना. सन ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात मरण पावलेल्या मोनिकेने मुलाकडे, म्हणजे ऑगस्टीनकडे, एकच मागणं केलं: देह कुठेही ठेव, पण प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेव. शुद्धिस्थानाची अधिकृत मांडणी पुढे १२७४ मध्ये ल्योंच्या, १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत झाली. या शिकवणीच्या आधारे पैसे घेऊन इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट, वाटण्याचे जे प्रकार चालत, त्याविरुद्ध मार्टिन लूथर १५१७ मध्ये उभा राहिला. त्याचा राग समजून घेतल्याशिवाय प्रोटेस्टंट भूमिका कळत नाही. नाणं पेटीत खणकलं की आत्मा सुटला, असं गरिबांना सांगितलं जात होतं. ट्रेंटच्या सभेनेही पुढे या विषयातला बाजार आणि अंधश्रद्धा बंद करायला बिशपांना बजावलं.

प्रोटेस्टंटांत १६४६ च्या वेस्टमिन्स्टर मतांगिकाराने मृतांसाठी प्रार्थना करू नये असं स्पष्टच लिहिलं. स्वतः लूथर मात्र १५२८ मध्ये म्हणतो, ‘देवा, हा आत्मा दया पोचेल अशा स्थितीत असेल तर त्याच्यावर दया कर’ अशी प्रार्थना घरी एकदोनदा करण्यात पाप नाही. माझ्या माहेरच्या बऱ्याच वडीलधाऱ्यांना हे माहीत नव्हतं. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट अशा अनेक परंपरा एकत्र आल्या, त्यामुळे दोन शेजारच्या मंडळ्यांतले पाळकही या बाबतीत थोडं वेगळं बोलताना दिसतील.

ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या, मंडळ्यांनी शुद्धिस्थानाचा सिद्धांत मानला नाही. फ्लॉरेन्सच्या सभेत इफिसचे मार्क यांनी त्याला विरोध केला. पण मृतांसाठी प्रार्थना त्यांच्याइतकी क्वचितच कोणी करत असेल: ३ ऱ्या, ९ व्या आणि ४० व्या दिवशी, शिवाय पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, संध्याकाळी गुडघे टेकून अधोलोकात अडकलेल्यांसाठीही. शेवटच्या न्यायापर्यंत या प्रार्थनांनी काय बदलू शकतं, याची सीमारेषा ते आखत नाहीत. मुंबई-पुण्यात केरळच्या मलंकरा परंपरेच्या मंडळ्या आहेत, त्यांच्या उपासनेतही मृतांसाठीची प्रार्थना ऐकायला मिळेल.

बाकीचे थोडक्यात. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मानतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतो, म्हणून मधल्या पश्चात्तापाचा प्रश्नच येत नाही. लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, मृतांच्या वतीने बाप्तिस्मा करतात आणि मृतांना स्वीकाराची संधी आहे असं उघड मानतात. मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांना ते मान्य नाही.

एक प्रवाह सगळ्यांच्या आशेचा आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने शेवटी सगळं देवाकडे परत येईल असं मांडलं. सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात, त्याच्या नावाशी जोडलेल्या मतांचा निषेध झाला. तरी निस्साचे संत ग्रेगरी याच आशेच्या जवळ होते, आणि विसाव्या शतकात स्विस कॅथलिक धर्मपंडित हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी म्हटलं की सगळे तरतील असं सांगता येत नाही, पण तशी आशा आणि प्रार्थना करायला हवी. मला स्वतःला हीच जागा सगळ्यांत प्रामाणिक वाटते. खात्री देणाऱ्याचं मला पटत नाही, आणि नरकात कोण आहे हे मोजणाऱ्याचं तर मुळीच नाही.

पायरी ५: येशूचं नावही न ऐकलेल्या आपल्या माणसांबद्दल विचारा

महाराष्ट्रातल्या नवख्या माणसाचा खरा प्रश्न बहुधा हाच असतो, आणि तो पहिल्यांदा विचारणारे आपण नव्हे. ज्यांचा देह आज जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेत आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोचले. तिथले नवे ख्रिस्ती आपल्या आईवडिलांसाठी रडत विचारत, त्यांना आता सोडवता येणार नाही का? झेवियर यांनी उपाय नाही असं सांगितलं, आणि मित्रांचे अश्रू पाहून आपल्यालाही वाईट वाटतं असं १५५२ च्या पत्रात लिहिलं.

आज कॅथलिक चर्च हा प्रश्न तसा सोडवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ‘लूमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागायचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. हे मेल्यानंतरच्या पश्चात्तापाबद्दल नाही. जिवंतपणीच ते कोणत्या दिशेला वळले होते त्याबद्दल आहे. प्रोटेस्टंटांत मतं विभागलेली आहेत. काही जण रोमकरांस पत्र २:१४-१६ वर बोट ठेवून हेच म्हणतात, काही कडक मंडळ्या मान्य करत नाहीत. तुमच्या पाळकाला हा उतारा दाखवून सरळ विचारा.

पायरी ६: आत्महत्या किंवा अचानक मृत्यू झालेल्या घरी जपून बोला

‘आत्महत्या म्हणजे थेट नरक’ हे वाक्य अजूनही मर्तिकाच्या घरात ऐकू येतं. ते बोलू नका. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचे परिच्छेद २२८२ आणि २२८३ सांगतात की तीव्र मानसिक त्रास किंवा भीती माणसाची जबाबदारी कमी करू शकते, अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये, आणि फक्त देवालाच ठाऊक असलेल्या मार्गाने तो तिला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. फ्रान्सच्या आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन व्हियाने यांची गोष्ट सांगितली जाते: नवऱ्याने पुलावरून उडी घेतली म्हणून खचलेल्या विधवेला ते म्हणाले, पूल आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्ताप करायला वेळ मिळाला.

त्या मधल्या वेळेत काय झालं ते बाहेरून कोणाला दिसत नाही. मृत्यूनंतर निर्णय बदलत नाही असं मानणारेही मृत्यूपूर्वीच्या शेवटच्या क्षणाबद्दल गप्प राहतात, ते यासाठीच.

पायरी ७: गेलेल्या माणसासाठी काय करता येतं

कॅथलिक असाल तर पॅरिश ऑफिसात जाऊन मृतासाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, मागता येते. वहीत मृताचं नाव आणि तारीख लिहितात, ऐपतीप्रमाणे अर्पण देतात. ऐपत नसेल तर तसं सांगा. गरिबांसाठी अर्पणाशिवायही मिस्सा करावी असं चर्चचा कायदाच धर्मगुरूंना सुचवतो. बऱ्याच नवख्यांना माहीत नसतं, पण त्याच कायद्याच्या ९०१ व्या कलमानुसार धर्मगुरू जिवंत किंवा मृत कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतात. म्हणजे बाप्तिस्मा न झालेल्या तुमच्या आईसाठीही मागता येते. वहीत नाव लिहिताना बिचकू नका.

१ ते ८ नोव्हेंबर हे दिवस कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याचे. वसईतल्या माझ्या पहिल्या २ नोव्हेंबरला सासूबाई नारळाच्या शेंड्या घेऊन सासऱ्यांच्या कबरीवरचा क्रूस घासत होत्या. मी विचारलं, ‘आई, पप्पांना आता पश्चात्ताप करता येतो का?’ त्या हात न थांबवता म्हणाल्या, ‘पश्चात्ताप त्यांनी केला गं, जायच्या आधी फादर येऊन गेले होते. आता राहिलंय ते निवळणं. त्यासाठी आपण मागायचं.’ मग शेवंतीची फुलं मांडली, मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून तळहात आडवा धरला, आणि फादर पवित्र पाणी शिंपडत आमच्या कबरीपर्यंत येईतो आम्ही रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हटली.

प्रोटेस्टंट असाल तर स्मरणार्थ उपासना ठेवा. तिथे मृताच्या क्षमेसाठी मागत नाहीत. त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि घरच्यांसाठी सांत्वन मागतात.

‘हे श्राद्धासारखंच ना?’ असं नातेवाईक विचारतील. आपल्या माणसांना न विसरण्याची ओढ तीच आहे, हे मोकळेपणाने म्हणा. पण मिस्सेत मृताला काही पोचवत नाहीत. देवाकडे त्याच्यासाठी दया मागतात, आणि द्यायची कशी हे देवावर सोडतात.

पायरी ८: घरात कोणी शेवटच्या आजारात असेल तर थांबू नका

क्षमेचे संस्कार जिवंत माणसासाठी आहेत. कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली आणि क्षमा, मेलेल्याला देता येत नाही, आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कारही नाही. तरी बरीच घरं ‘फादर दिसले तर पेशंट घाबरेल’ म्हणून बोलावणं पुढे ढकलतात आणि माणूस बेशुद्ध झाल्यावर फोन करतात. शुद्ध असतानाच बोलवा, म्हणजे त्याला मनातलं बोलता येईल. उशीर झालाच आणि जीव गेला की नाही याची शंका असेल, तरीही बोलवा; अशा शंकेच्या वेळी तेल लावण्याचा संस्कार द्यावा असा नियम आहे.

प्रोटेस्टंट घरात पाळकांना बोलावून लूक २३ वाचायला सांगा आणि नंतर आजाऱ्याला थोडा वेळ एकटं बोलू द्या. कोणाची माफी मागायची राहिली असेल, तर त्या माणसाला फोन लावून मोबाइल आजाऱ्याच्या कानाशी धरा.

बाप्तिस्मा न झालेल्या आजाऱ्याने तो स्वतः मागितला आणि धर्मगुरू वेळेत पोचणं शक्य नसेल, तर कॅथलिक नियमाप्रमाणे कोणीही तो देऊ शकतं, नर्सही, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीही. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू मात्र हवा. डोक्यावर साधं पाणी ओतत नाव घेऊन म्हणायचं: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ देणारी स्त्री असेल तर ‘देते’. नंतर वेळ, जागा आणि हजर असलेल्यांची नावं कागदावर लिहून पॅरिश ऑफिसात नेऊन द्या.